कपाळावरचा हात

शेजारून ओव्याच्या धुरीचा वास आला की मला ती नर्सबाई आठवते. जळकोटकडच्या खेड्यात मी माहेरी बाळंतीण होते. सातवा दिवस होता, बाजेखाली शेगडी धुमसत होती, तरी मला सकाळपासून हुडहुडी भरलेली. बाई आल्या त्या मोबाईल काढूनच. "हसा जरा, फोटो वर पाठवावा लागतोय," म्हणत त्यांनी माझ्या कपाळावर हात ठेवला, आईकडून तीनदा फोटो काढून घेतला, कार्डावर 'तब्येत ठीक' लिहिलं आणि भुरके मारत चहा पिऊन गेल्या. त्यांच्या मागोमाग अंग चोळायला म्हातारी सुईण आली. पाठीला हात लावताच ती ओरडली, "अगं माय, पोरगी भट्टीवानी तापलीय! तेल ठिवा तिकडं, आधी दवाखान्यात न्या." लातूरला पाच दिवस सलाईनवर काढले, तेव्हा वाचले. परवा लेकीच्या पाचव्या वर्षाच्या डोसाला उपकेंद्रात गेले, तर तोच फोटो भिंतीवर, काचेच्या चौकटीत. "बघा, किती गोड हसलाव तुमी," बाई कौतुकानं म्हणाल्या. हसले नव्हते, बाई. तापानं दात वाजत होते माझे, तुमच्या हाताखाली.