गिअरच्या पेटीतलं जुनं तेल

धारूरचा घाट चढताना आमच्या गाडीचा दुसरा गिअर सुटायचा. म्हणजे टाकलेला गिअर आपसूक निघायचा, दांडी मधे यायची, इंजिन रिकामं बोंबलायचं आणि गाडी उताराकडं मागं सरकायला लागायची. मागच्या सीटवर आई आडवी असायची. बीडला डायलिसिस करून आणलेली, तोंडाला पदर लावलेली. मी ब्रेक दाबून पहिला टाकायची, मग पुन्हा दुसरा, आणि डाव्या हातानं दांडी अशी दाबून धरायची की घरी पोचेस्तोवर मनगट ठणकायचं. मंगळवारी आणि शुक्रवारी. उरलेले पाच दिवस मी या दोन दिवसांचाच विचार करत असायची. झोपेत सुद्धा तुझी डावी मूठ वळलेली असते, असं आई म्हणायची.

मी शाळेत शिकवते. उन्हाळ्याची सुट्टी लागलेली होती म्हणून तेवढं तरी निभत होतं. एसटीत आईला बसवत नव्हतं, परतीला ती वाटेतच गळून जायची. भाड्याच्या जिपा म्हणाल तर दुष्काळाचं तिसरं वर्ष, सगळ्या चारा छावण्यांच्या कामाला लागलेल्या. कुणाला विचारलं की, "उद्या सांगतो मॅडम." तो उद्या मला शेवटपर्यंत दिसला नाही. त्यामुळं आईचा जीव म्हणजे ही गाडी, असं सरळ होतं. गाडी बसली तर मंगळवार चुकणार, आणि दोन मंगळवार चुकले तर काय होतं ते डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलेलं होतं.

गाडी अण्णांनी कारखान्याच्या लिलावात घेतलेली. अण्णा म्हणजे माझे वडील, घाटाखालच्या सहकारी साखर कारखान्यात मिलचे फिटर. साहेब लोकांनी वापरून वापरून तिचा चोथा केला, मग ती आमच्या दारात आली. अण्णांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरल्यावर चालवायची माझ्याकडं आली. कारखाना तर तीन हंगाम बंद होता, कारण ऊसच नव्हता. तरी अण्णा रोज डबा घेऊन जायचे. मंगळवार-शुक्रवारी आमच्याच गाडीतून घाट उतरायचे, कारखान्याच्या फाट्यावर उतरायचे आणि संध्याकाळी एसटीनं घरी यायचे. पगार नाही, हजेरी नाही. त्यांच्यासारखे तिघं म्हातारे फिटर मिळून गिरणीचे शाफ्ट पहारीनं हातानं फिरवून ठेवायचे.

"फिरवलं न्हाई तर जाम होत्याल," ते म्हणायचे. "उद्या पाऊस झाला, ऊस आला, तर मशिनं तयार पायजेत. कारखाना काय सरकारचा हाय का? आपला हाय. आपण सभासद हाओत."

मला हे ऐकलं की तिडीक जायची. मेलेल्या कारखान्याचे शाफ्ट फिरवतात आणि घरच्या जित्या गाडीकडं बघत नाहीत. पण मी गप्प बसायची. फिटर माणूस, त्याला गाडीचं काय सांगायचं.

एका शुक्रवारी घाटात गिअर तीनदा सुटला. तिसऱ्या वेळी मागून कडब्याचा ट्रक येत होता. तो हॉर्न वाजवत अगदी घासून गेला. घरी आईला उतरवलं आणि तशीच गाडी घेऊन स्टँडच्या मागच्या मिस्त्रींकडं गेले. सगळे त्यांना चाचा म्हणतात, अण्णांच्या वयाचे. त्यांनी चालू गाडीत बसून गिअर टाकून बघितले, मग खाली वाकून पेटीवर हात ठेवला.

"तेल कधी बदललं व्हतं बेटी?"

"मला आठवतंय तवापासून तर न्हाई."

ते हसले नाहीत. म्हणाले, "आतलं पितळ झिजून तेलात उतरलंय. ते घट्ट काळं तेलच समदं दाबून धरतंय आता. नवं टाकलं तर आवाज जाईल, पेटी हलकी चालंल. न्हाई तर पातळ तेलानं आठ दिवसांत पेटी बसंल बी. दोन्ही बघितलंय म्या."

"मग मी काय करू?"

"ग्यारंटी लिहून देत न्हाई बेटी. अण्णांना इचार, ते बडे फिटर हायेत."

झालं! ज्यांना विचारायचं नाही म्हणून इकडं आले, त्यांच्याकडंच परत. शनिवार-रविवार मी नुसती घरभर फिरले. बदलायचं आणि मंगळवारी घाटातच पेटी बसली तर? नाही बदललं आणि मंगळवारी तसाच ट्रक आला तर? टँकर आला, घागरी भरल्या, सांडल्या, पुन्हा भरल्या. दोनदा गाडीपाशी जाऊन उगीच बोनेट उघडलं, जसं काही गिअरची पेटी तिथं असते.

रविवारी संध्याकाळी अंगणात लिंबाखाली अण्णा तंबाखू मळत बसले होते. मी उभ्यानंच विचारलं.

"अण्णा, गाडीच्या पेटीचं तेल बदलायचं हाय."

"हंगाम संपू दे."

हे असं होतं आमच्याकडं. कारखान्याच्या माणसाला हंगाम चालू असताना कुठलीही पेटी उघडता येत नाही. गळीत चालू आहे, उघडलं आणि बंद पडलं तर शेकड्यांनी गाड्या उसासकट उभ्या राहणार. म्हणून वरून तेल घालायचं, कान लावायचा आणि ढकलायचं. बॉयलर विझला की मग पेट्या उघडायच्या. ही सवय नुसती मशिनांपुरती नव्हती. घराचे पत्रे, माझी बारशापासूनची सगळी कार्यं, दाढ काढणं, सगळं हंगाम संपल्यावर. आमच्या कारखान्यातले लोक दुखणं सुद्धा उन्हाळ्यावर टाकायचे.

"कुठला हंगाम अण्णा? तीन वर्षं धुराड्यातून धूर न्हाई निघाला. चालूच न्हाई झाला तो संपणार कवा?"

"चालती गाडी उघडू नये बाई."

"चालती? तुमी फाट्यावर उतरता आन् एसटीनं येता. घाटात ती कशी चालते ते तुमी बघितलंय का?"

ते तंबाखू मळत राहिले. त्यांचा तो शांतपणा मला सहन झाला नाही, आणि जे बोलायचं नव्हतं ते बोलून गेले.

"आईचे पाय सुजलते तवाबी तुमी हेच म्हणलतात. हंगाम संपू दे, मग दवाखाना. तुमच्या हंगामापायी तिची किडनी गेली."

मी तेव्हा बीडला डीएड करत होते. घरी आले तर आईच्या पायात चप्पल जात नव्हती. दवाखान्यात चल म्हटलं तर ती म्हणाली, अण्णा म्हणतेत हंगाम संपू दे. तो हंगाम लांबत गेला, आणि उन्हाळ्यात डॉक्टरांनी उशीर झाला म्हणून सांगितलं. हे मी पोटात ठेवलेलं होतं. त्या संध्याकाळी काढून त्यांच्या पुढ्यात टाकलं.

अण्णांचा अंगठा तळहातावर थांबला. ते माझ्याकडं बघत राहिले. आत आईची बाज करकरली. अण्णांनी तंबाखू तशीच खाली झटकली आणि उठून गेले.

सोमवारी सकाळी ते कारखान्यात गेले नाहीत. मला म्हणाले, "गाडी जरा फिरवून आण. तेल गरम झालं पायजे." मी चक्कर मारून आणली. चाकाखाली दगड लावून, पोतं अंथरून ते गाडीखाली गेले. खाली घमेलं, घमेल्यावर आईच्या जुन्या, विटून पांढऱ्या पडलेल्या लुगड्याचा तुकडा. बोल्ट सुटला आणि काळं, चिकट तेल सावकाश उतरलं. फडक्यावर बारीक पिवळी चमक राहिली. अण्णांनी ती चिमटीत घेतली, चोळली, डोळ्यांजवळ नेली. मोतीबिंदूमुळं त्यांना दिसत नव्हतं. मग माझ्याकडं हात केला.

"पितळ हाय का?"

"हाय अण्णा."

"लई?"

"लई."

ते पोत्यावर तसेच बसले. म्हणाले, "मला ठाऊकच व्हतं. आवाजावरनं कळलं व्हतं दिवाळीतच. उघडून बघायचं भ्या वाटत व्हतं. बघितलं की घाटात घालायची हिंमत व्हणार न्हाई, आन् घाटाबगर तर भागत न्हाई."

चाचांचं म्हणणं मी सांगितलं. त्यांनी मान हलवली. पेटीला लागतं त्याच्या निम्मंच नवं तेल त्यांनी आणलेलं होतं. उरलेलं निम्मं जुनंच, फडक्यातून दोनदा गाळलेलं. दोन्ही एकत्र करून नळीनं पेटीत भरलं. कारखान्यात असं कधी केलं होतं का म्हणून विचारलं तर म्हणाले, "न्हाई. कारखान्यात मागं मानूस निजलेलं नसतंय."

मंगळवारी नेहमीसारखे ते फाट्यावर उतरले. दुपारी आईला घेऊन परत येताना बघते तर फाट्यावर उन्हात उभे. गाडी थांबवली. ते माझ्या शेजारी बसले आणि म्हणाले, "चल."

घाट सुरू झाला. दोन्ही बाजूंना सीताफळीच्या नुसत्या काटक्या, धूळ. पहिला, मग दुसरा. आवाज खरोखर कमी झाला होता, पण पहिल्या वळणावर दांडी हातात थरथरली. मी दाबायला गेले तर अण्णांनी माझा हात बाजूला केला आणि आपला उजवा हात दांडीवर ठेवला. "तू नुसतं स्टेअरिंग बघ," म्हणाले. काळा, तेल मुरलेला तो हात त्यांनी हलू दिला नाही. मला कित्येक महिन्यांनी दोन्ही हात चाकावर ठेवता आले.

मधल्या वळणावर मागून आई बोलली. आवाज बारीक होता.

"पायाचं त्यांला म्या सांगितलंच नव्हतं गं."

मी आरशात बघितलं. तिचे डोळे मिटलेले होते.

"दोन-दोन पाळ्या करत व्हते ते. म्हणलं, हंगाम संपल्यावर सांगू. तू लई मागं लागलीस म्हणून त्यांचं नाव घेतलं. तू गप बसावीस म्हणून."

मी अण्णांकडं बघितलं. ते समोर रस्त्याकडं बघत होते. रविवारी लिंबाखाली त्यांना हे माहीत होतं. एक शब्द बोलले असते तर माझं तोंड बंद झालं असतं, आणि आईचं नाव पुढं आलं असतं.

चुकलं अण्णा, एवढंच म्हणायचं होतं. पण पुढं मोठं वळण होतं, मागं ट्रक होता. घाट चढून झाला की म्हणू, असं मी ठरवलं.

वर सपाटीला आलो. अण्णांनी दांडीवरचा हात काढला, पालथा करून मांडीवर ठेवला.

"आता तिसरा टाक," ते म्हणाले.

मी तिसरा टाकला.