राशीची उंची

वेल्ह्याकडच्या आमच्या शेतात भाताची मळणी संपली होती. खळ्यावर सोनेरी रास उभी होती आणि तापलेल्या तुसाचा गोडसर वास दरवळत होता. सासूबाईंना घोर एकच होता: एवढे भात घरच्या पत्र्याच्या कणगीत मावेल का? न मावले, तर भोरला निघालेल्या टेम्पोवाल्याला येताना रिकामी पोती आणायला आत्ताच सांगायला हवे होते.

"आजी, मी काढते हिशोब," दहावीतली माझी लेक म्हणाली. "रास म्हणजे शंकू, कणगी म्हणजे वृत्तचिती."

जमिनीवरून दोरी फिरवून तिने राशीचा घेर मापला. उंचीसाठी काठी खुपसणार, तोच सासूबाई कडाडल्या, "ए बये, शिवू नगं! पूजा व्हायची हाय अजून."

लेक क्षणभर हिरमुसली. मग खळ्याच्या कडेला सांडलेले भात गोळा करून तिने सुपात इवलीशी रास ओतली. "भात तेच, म्हणजे उताराचा कोनही तोच!" तिने छोटीचा घेर आणि काडीने उंची मापली आणि घेराच्या प्रमाणात मोठीची उंची काढली. कणगीचे माप तिने सकाळीच घेऊन ठेवले होते.

"काठोकाठ भरून थोडं उरतंय."

"मग सांग की पोती."

"थांबा ना! काठाच्या वर निमुळती शीग लावली की मावेल. शीगही शंकूच."

"न्हाई मावलं तर तुज्या अंथरुणात वततो बग," असे बजावत सासूबाईंनी टेम्पो जाऊ दिला.

पूजा झाली, कणगी भरली. शेवटच्या पाटीचे दाणे सळसळत घरंगळले आणि शीग काठाशी येऊन थांबली. चार दाणे तेवढे खाली पडले.

"चुकलं की गं तुजं गणित," ते वेचताना सासूबाई खुशीत म्हणाल्या.