गंगम्माकाकूच्या समाधीवरचा लिंब

शिवप्रकाश माझा सख्खा धाकटा भाऊ. परभणीला कॉलेजात शिकवतो. तेलासाठी अमेरिका, रशिया, चीन एकमेकांच्या उरावर कसे बसतात, त्याच्यावर त्यानं पीएच.डी. केली. त्यात काय लिहिलं ते मला चहा पिता पिता त्यानंच सांगितलं होतं, "ताई, हे मोठे देश समुद्राची वाट बंद करायची धमकी लय देतात, पर बंद करत न्हाईत. तेल इकल्या-घेतल्याबिगर त्यांचं बी भागत न्हाई."

गेल्या लग्नसराईत आखातात लढाई पेटली. सोमवारी आमच्या राणीसावरगावच्या मठात आरती झाल्यावर लोकांनी ह्याला धरलं, "सर, गॅस मिळंल का?" हातात माईक दिला. आता जे लिहिलं तेच सांगायचं की न्हाई? पर 'काही होत न्हाई' म्हणलं की लोक चपला शोधायला लागतात. म्हणून ह्यानं जहाजं अडवली, महासत्ता भिडवल्या आन् ठोकून दिलं, "थोड्या दिवसांत गावात टाकी दिसायची न्हाई." सगळे चिडीचूप. गडी असा फुलला म्हणता!

आमचे चुलते सांबप्पाकाका पुढंच बसलेले. त्यांच्या महेश्वरीचं लग्न तोंडावर आलेलं. सकाळी त्यांचा फोन, "शिवप्रकाश, सैपाकाला लाकडं लागतील. शेतातला लिंब तोडू का रे?"

तो कडूलिंब गंगम्माकाकूच्या समाधीवरचा. आमच्यात गेलेल्या माणसाला आपल्याच शेतात बसवून माती देतात. काकूला तिथं बसवलं तवा महेश्वरी शाळंत होती. तिनंच आईजवळ ते रोप लावलं आन् वाढवलं.

अरे, म्हणायचं की, 'काका, मी वाढवून बोललो!' पर चार माणसांत बोललेलं माघारी कसं घ्यायचं? इज्जत आडवी आली. म्हणला, "बघा काका, तयारी असलेली बरी." दुपारपर्यंत लिंब आडवा झाला.

टाक्या हमेशासारख्या आल्या. आचाऱ्यानं सगळा सैपाक गॅसवर केला. लाकडं वलीच होती, त्यांना त्यानं हात बी लावला न्हाई.

हळदीच्या अंगानं महेश्वरी आईच्या पाया पडायला शेतात गेली. आमी दोघं संगं होतो. समाधीचा दगड तव्यावानी तापलेला. तिनं हात टेकला आन् झटकन उचलला. मग पदर पसरून दगडावर धरून बसली.

"आईला ऊन लागायलंय, दादा," एवढंच म्हणली.

शिवप्रकाशचे कान लाल झाले. मला वाटलं, आता बोलंल. पर मेल्यानं वळून बांधाची वाट धरली. मलाच जमिनीत गडप व्हावं वाटलं.

मांडवात काकांनी माईकवर त्याचं नाव पुकारलं. "आमचे सर बोलले म्हणून आमी सावध झालो. येवढं शिकलेलं माणूस आपल्या घरात हाय!" हार घातला, शाल पांघरली, टाळ्या वाजल्या. मग माईक त्याच्या तोंडापुढं धरला. आता तरी बोल रे बाबा, मी मनात म्हणायले. शरमेनं माझं अंग पेटलेलं.

त्यानं बोहल्यावरच्या महेश्वरीकडं बघितलं. मान खाली घातली. लोकांना वाटलं, सर लाजले.

"काका," तो म्हणला, "ते तर माझं कर्तव्यच होतं."