फकिराचा हिरवा दोरा

बाईनं नवऱ्याचं नाव घेऊ नाय म्हणतात. पर घेतल्याशिवाय माझी गोष्ट पुढं सरकायची नाय, म्हणून घेते. फकिरा. त्या नावानंच आमच्या घराचं वाटोळं करायला घेतलं होतं.

नाव असं का, ते आधी ऐका. माझ्या सासूची, साळूबाईची, म्हंजे आमच्या आत्याबाईंची, पहिली दोन लेकरं पाळण्यातच गेली. तिसऱ्या वेळेला त्यांनी गावच्या पिराला नवस बोलला. हे जगलं तर फकिरा नाव ठेवीन, गळ्यात हिरवा दोरा बांधीन, दर मोहरमला फकीर करून पाच घरं मागवीन. पाच वर्षं दोरा काढायचा नाय, काढला तर पीर कोपतो. फुलंब्रीकडं आमच्या हिंदूंच्या घरात असे नवसाचे फकिरे लई. त्यात नवल काय नाय.

लेकरू वर्षाचं होतंय तोवर पोलीस ॲक्शन झाली. आधी रझाकारांनी लोकांना रडवलं, मग मिलिटरी आली आन् वारं उलटं फिरलं. आता भेव मुसलमानांच्या घरात शिरलं. शेजारची गुलशन, नूरमोहम्मद पिंजाऱ्याची बायको, तान्ह्या जब्बारला काखेत घेऊन आत्याबाईंच्या दारात आली. पिंजारी आधीच कुठं परागंदा झाला होता, तो परत आलाच नाय. आत्याबाईंनी मायलेकराला परसातल्या पेवात उतरवलं. पेव म्हंजे धान्य साठवायला भुईत खणलेला खोल खड्डा, तोंडावर शिळा, शिळेवर माती. परगावची टोळी येऊन गेल्यावर आत्याबाईंनी शिळा काढली, तर गुलशन आन् जब्बार आत गुदमरून गेलेले. सासऱ्यांनी दोघांना कबरस्तानात मूठमाती दिली. आत्याबाई आपलं लेकरू घेऊन त्याच दिवशी माहेरी बिडकीनला गेल्या, आन् तिथून औरंगाबादला. गावाला एवढंच ठाऊक. मलाबी एवढंच.

आमचे हे इथं औरंगाबादातच वाढले, गवंडी झाले. ह्यांना आत्याबाईंनी कधी फकीर केलंच नाय. नवस बुडवला म्हणून बाया तोंडावर बोलायच्या, तर आत्याबाई नुसत्या सूप पाखडत बसायच्या. दर मोहरमला मात्र मलिदा बांधून एकट्या गावच्या कबरस्तानात जायच्या. मला कधी संगं नेलं नाय. मला वाटायचं, गुलशनसाठी जातात, केवढा जीव होता!

मग त्यो शौकतमियाँ भेटला. शहागंजात एका दुकानाचं काम चाललं होतं, तिथं म्हातारा दारं-चौकटी घेऊन आला. ह्यांना बघितलं आन् वाळूच्या ढिगावर मटकन खाली बसला. “या अल्ला, ये तो मेरी बेटी गुलशन का चेहरा हय.” गाव विचारलं. ह्यांनी सांगितलं, तसा म्हातारा तोंडावर रुमाल घेऊन रडायला लागला.

झालं! तवापासून माझं माणूस घरात असून घरात नव्हतं. शनवारी मारुतीच्या पायरीपर्यंत जायचं आन् माघारी यायचं. दर्ग्यापाशी चपला काढायच्या आन् परत घालायच्या. ओळंबा हातात असून भिंत वाकडी जायला लागली, मुकादमानं कामावरून काढलं. मी आपली तोंडाळ. म्हटलं, “अवो, भूक पोटाला लागती, जातीला नाय. चार भाकरी खा आन् गप पडा.” तर हात पुढं करून म्हणाले, “आवडे, हात धुताना कोणाचे हात धुतोय तेच मला कळंना.” मी चुलीकडं तोंड केलं.

आत्याबाईंना विचारायचे, “माय, मी कोण?”

“माझा लेक.”

“फकिरा का जब्बार?”

“माझा लेक म्हटलं ना!” की लागल्या सूप पाखडायला. सुपात दाणा असो नसो.

मग ह्यांनी अन्न सोडलं. कळल्याशिवाय घास उचलणार नाय म्हणाले. मी पाया पडले, शिव्या दिल्या, आमच्या पोरीला ह्यांच्या मांडीवर नेऊन बसवलं. तिच्या हातचासुदिक घास घेतला नाय. डोळे खोल गेले, दाढी वाढली. आन् एका दुपारी हिमायतबागेकडच्या विहिरीच्या काठावरून चार माणसांनी धरून आणून माझ्या दारात सोडलं. पाय आत सोडून बसले होते म्हणे. ते ऐकून माझं डोस्कंच फिरलं.

सुनेनं बोलू नाय ते मी बोलले. पोरीला ओढत आत्याबाईंपुढं उभी केली. “ठेवा हिच्या डोक्यावर हात! म्हणा, फकिराच हाय. नायतर काय असंल ते सांगा. माझं कपाळ पांढरं करून सूप पाखडणार का?”

आत्याबाईंनी हात उचलला. पोरीच्या डोक्यापर्यंत आणला. आन् चटका बसल्यासारखा मागं घेतला.

“दोरा तोडवंना मला,” म्हणाल्या.

त्या भुईकडं बघत बोलायला लागल्या. “टोळी आली म्हणून हाकाटी झाली. माझ्या पोराच्या गळ्यात हिरवा दोरा, नाव फकिरा. परगावच्यांना काय ठाऊक हे हिंदूचं पोर हाय? तुझा बाप म्हणला, दोरा तोड आन् घरात ठेव. पर आधीची दोन गेली होती रं. दोरा तोडला तर पीर हेबी नेईल असं मला वाटलं. मी त्याला गुलशनच्या वटीत दिलं. मीच शिळा सरकवली. पेव आधी उघडं टाकावं, दिवा सोडून विझतो का बघावं, मग माणूस उतरवावं, हे शेंबड्या पोरालाबी ठाऊक असतंय. त्या दिवशी मला सुचलं नाय. उघडलं तवा गुलशन मरून ताठ झालती. एक पोर तिनं दोन्ही हातांनी वर, शिळेच्या फटीपाशी धरलं होतं. ते रडत होतं.”

“आन् दुसरं?” ह्यांनी विचारलं.

“दुसरं खाली, तिच्या पायापाशी. दोरा त्याच्या गळ्यात होता. तिनं तिचं वर धरलं, मी असते तर मीबी माझंच धरलं असतं. दोरा काढून तुझ्या गळ्यात बांधला, म्हंजे गाव तुला कोण म्हणून विचारणार नाय. माझं लेकरू जब्बार म्हणून गुलशनशेजारी निजलंय.”

मला वाटलं आता हे ओरडतील, कपाळ फोडून घेतील. ते सरकत आत्याबाईंच्या जवळ गेले. “माय, मग तू रडली नाय?”

“कशी रडू? माझा लेक तर सगळ्या गावासमोर माझ्या काखेत जित्ता होता. पिंजाऱ्याच्या पोरासाठी छाती पिटली असती तर लोकांनी ओळखलं असतं, तुला नेलं असतं. तवाचं तसंच राहिलंय बघ इथं.” त्यांनी छातीवर मूठ आपटली. “आता सांगितलं ना? आता मला रडू दे. तू जरा भाईर जाय बाबा. तुझ्यादेखत नाय यायचं.”

हे उठले, पोरीला उचललं आन् भाईर आले. मी दार लोटलं. आतून आत्याबाईंनी हेल काढला. माझ्या फकिरा रं, दुधाचं तोंड रं तुझं, मीच तुला भुईत घातला रं. आजच मढं समोर असल्यागत. इतक्या वर्सांत त्या बाईच्या डोळ्याला मी पाणी बघितलं नव्हतं.

गल्ली गोळा झाली. शेजारची वच्छलाबाई कणकेच्या हातानं धावत आली. “अगं बया, कोण गेलं?”

मी ह्यांच्या तोंडाकडं बघितलं. ह्यांनी डोक्याचं मुंडासं काढलं.

“भाऊ गेला माझा,” म्हणाले.

“तुमाला कुठं भाऊ होता?”

“होता,” म्हणाले, आन् तिथंच उंबऱ्यापाशी भुईवर बसून ढसाढसा रडले.

ज्या घरात मयत होती तिथं चूल पेटवत नाय. शेजारपाजार पिठलं-भाकरी आणतो, कडू घास म्हणतात त्याला. वच्छलाबाईनं जास्त काय विचारलं नाय, पदराखाली झाकून कडू घास घेऊन आली. मी ताट दोघांच्या मधी ठेवलं. आत्याबाईंचे डोळे सुजून बारीक झालेले. त्यांनी भाकरीचा तुकडा मोडला, पिठल्यात बुडवला, ह्यांच्या तोंडापुढं धरला आन् हाक मारायला तोंड उघडलं. नाव काय निघंना. आत्ताच तर त्या नावानं रडून उठल्या होत्या. हात तसाच राहिला, पिठलं बोटांवरून गळायला लागलं.

ह्यांनी तो हात धरला आन् घास खाल्ला.