ताईंना भाग्यवान म्हणू नका

हरतालिकेला मी माहेरी, देवासला होते. दुपारी समोरच्या किराणावाल्याकडे फोन आला, तो रस्त्यावरूनच ओरडला की दीदी, उज्जैनचा फोन आहे, जल्दी या. मी धाकट्याला पाजत होते, तशीच त्याला खांद्यावर टाकून पळाले. फोनवर आमचे हे होते. एवढंच म्हणाले, ताई गेल्या, तू नीघ. मला कळेचना, कुठे गेल्या... ताई मतलब माझी थोरली जाऊ, शालूताई. आत्ता कुठे चाळिशी लागली होती. बसमध्ये सगळा रस्ता मी खिडकीला डोकं टेकून बसले होते आणि पोरगं रडत होतं. उज्जैनला देवास गेटच्या बसस्टँडवर उतरून घरी पोचले तर दारातच बायका बसलेल्या, आणि त्यातली एक दुसरीला सांगत होती, सवाष्ण गेली, तेही हरतालिकेच्या दिवशी, केवढं भाग्य म्हणायचं. आणि बाकीच्या माना हलवत होत्या. महिना उलटून गेला, अजून ते शब्द आठवले की माझं डोकं भणभणतं.

मला नीट लिहिता येत नाही, शाळा आठवीतच सुटली, पण जे झालं ते मी साफ लिहिणार आहे. ताई उपासाने गेल्या. आणि आता तेच उपास माझ्या गळ्यात बांधायला निघालेत, म्हणून मला भीती वाटते आहे, आणि भीतीपेक्षा जास्त राग येतो आहे.

मी लग्न होऊन आले त्या वर्षी आमच्या गल्लीत नवीन नवीन केबल लागली होती. संध्याकाळी सगळं घर टीव्हीसमोर आणि ताई स्वयंपाकघरात, भिंतीला टेकून बसलेल्या. सारखी तहान, सारखा थकवा. मोठे भाऊजी, म्हणजे ताईंचे मालक, त्यांना डॉक्टरकडे घेऊन गेले, सोबतीला मी. डॉक्टर भला माणूस होता, हिंदीत समजावून सांगितलं, "देखिए, अभी शुगर की बीमारी नहीं है, आप बॉर्डर पर हैं. परहेज कीजिए, रोज तेज घूमिए, तो दवाई की जरूरत नहीं पड़ेगी." भात, बटाटा, गोड कमी करा, डाळी आणि भाज्या खा, असं पथ्यही सांगितलं. टेम्पोत बसल्यावर ताई इतक्या खुशीत होत्या की विचारू नका. म्हणाल्या, "मंदे, सुटले गं. परहेजच करायचा ना, उपास तर मी करतेच. अजून दोन वाढवीन."

झालं. तिथेच घोटाळा झाला, आणि घरात कोणाला तो घोटाळा वाटलाच नाही. सोमवार होताच, त्यात गुरुवार आला, शनिवार आला, एकादशी आणि चतुर्थी तर होत्याच. सासूबाई खुश, की सून किती धर्माची. आणि उपासाला ताई खायच्या काय? साबुदाण्याची खिचडी, वरून तूप. बटाट्याचा कीस. पाकातलं रताळं. शिंगाड्याचा शिरा. येताजाता बाजारचं फरियाली मिक्सचर, आमच्या इथे उपासाच्या फराळाला फरियाली म्हणतात, पुड्याच्या पुड्या मिळतात. पोटभर खाऊन ताई म्हणायच्या, आज काही खाल्लं नाही. तुमच्याही घरी असंच म्हणतात, माहिती आहे मला. उपासाचं खाल्लेलं कोणी मोजतच नाही.

चालणं मात्र ताईंनी मनापासून धरलं होतं. पहाटे आम्ही दोघी नानाखेड्याकडच्या रस्त्याला जायचो, तिकडे तेव्हा नवीन कॉलन्या होत होत्या, रस्ता मोकळा. ताईंनी साडी जरा वर खोचलेली आणि पायात भाऊजींचे जुने कॅनव्हासचे बूट, पुढे कापूस कोंबलेले. एक चहावाला रोज विचारायचा, "बहूजी, कौन-सी बस छूट रही है?" आणि ताई न थांबता सांगायच्या, "तुम्हारी वाली, भैया, दौड़ो." हसून हसून माझ्या पोटात दुखायचं. त्या रस्त्यावर ताई निराळ्याच बाई वाटायच्या. गाल लाल व्हायचे, दम लागला तरी थांबायच्या नाहीत, एकदा मला म्हणाल्या की लग्नानंतर एवढी हवा आजच खाल्ली. पण घरी परत आलं की सासऱ्यांचा चहा उशिरा, मुलांचे डबे उशिरा. सासूबाई म्हणाल्या, चालायचंच आहे तर देवळात जावं, चालणंही होईल आणि पुण्यही लागेल, साडीवर बूट घालून गावभर कशाला फिरायचं. मग ताई देवळात जायला लागल्या. हळूहळू, अनवाणी, चार बायकांशी बोलत. येताना हातात पेढा. प्रसादाला नाही म्हणत नाहीत ना.

पुढे शुगर वाढलीच. परत त्याच डॉक्टरकडे गेलो. त्यांनी विचारलं, परहेज चालू आहे ना? भाऊजींनी छाती फुगवून सांगितलं, "डॉक्टर साहब, ये तो हफ्ते में चार दिन खाती ही नहीं." डॉक्टर म्हणाले, बहुत अच्छा. मी तिथेच होते. ताई लाजून हसल्या, शाळेत पोरीला शाबासकी मिळावी तशा. मला आता वाटतं, त्या माणसाने विचारायचं होतं ना, की बाई, खात नाही म्हणजे काय करता? एवढा शिकलेला माणूस, उज्जैनमध्ये जन्म गेला, त्याला फरियाली माहीत नाही? लिहून दिली गोळी. सांगितलं, खाली पेट, म्हणजे उपाशीपोटी, घेऊ नका. ताईंनी गोळी मात्र कधी चुकवली नाही. देवाची पूजा आणि गोळी.

हरतालिका आमच्याकडे निर्जळी असते. मी अंगावर पाजते म्हणून मला सूट होती, ताईंना कोण देणार सूट? आणि त्यांनी मागितली असती असंही नाही, माझा तर त्यांच्यावरही राग आहे. सकाळी उठून गोळी घेतली आणि मग पाण्याचा थेंब नाही. दुपारी पूजेला बसल्या, घाम फुटला, हात कापायला लागले, काहीतरी भलतंच बोलल्या म्हणे. बायकांना वाटलं अंगात आलं. कोणीतरी पायावर डोकंसुद्धा ठेवलं... शुगर पार उतरली होती आणि साखरेचा चमचा कोणी तोंडात घातला नाही, का, तर उपास मोडेल. दवाखान्यात डॉक्टरांनी एवढंच विचारलं, "गोली लेकर भूखी थीं क्या?" भाऊजी म्हणाले, व्रत था. तेव्हा संपलंच होतं सगळं.

तेरावं झालं आणि मला गरगरायला लागलं. ह्यांना न सांगता मी धाकट्याला कडेवर घेऊन तपासून आले. तोच डॉक्टर, तेच शब्द, आप बॉर्डर पर हैं. माझी मोठी मुलगी अजून शाळेतही जात नाही आणि ह्याचं तर दूधही सुटायचं आहे. पण मी टेबलावर हात ठेवून विचारलं, काय खाऊ, काय नको, एकेक सांगा, आणि साबुदाण्याचं नाव माझ्या तोंडाने घेतलं. डॉक्टर म्हणाले, वो तो बिल्कुल नहीं.

घरी आले तर सासूबाई वाट बघत होत्या. ताईंचे सोळा सोमवार अर्ध्यावर राहिले होते. म्हणाल्या, तिचा व्रताचा वसा आता तू घे, घरात व्रत मोडायला नको.

मी म्हटलं, "मी नाही करणार, आई."

"तुझ्या नवऱ्यासाठीच आहे ते."

"मग त्यांना करायला सांगा."

घरात कोणी माझ्याशी धड बोललं नाही मग. हे म्हणाले, आईचं मन राखायला काय जातं तुझं? मी म्हटलं, ताईंचं काय गेलं ते विचारा.

सोमवार आला. पहाटे मी एकटीच जाऊन आले, त्याच रस्त्याने, घामाघूम. स्वयंपाकघरात मागच्या दाराशी एक जागा आहे, उजेड येतो तिथे, सगळ्यांचं आटोपल्यावर ताई उपासाची वाटी घेऊन तिथे बसायच्या, मुंग्या यायच्या म्हणून पाय लांब करून. त्या गेल्यापासून तिथे कोणी बसत नाही, केर काढणारीसुद्धा वळसा घालून जाते. मी तिथेच पाट मांडला. ज्वारीची भाकरी, मेथीची भाजी, मुगाची उसळ. सासूबाईंनी खिचडीची वाटी माझ्यापुढे सरकवली. मी परत सरकवली. त्यांनी पुन्हा सरकवली नाही, पण उठल्याही नाहीत, धाकट्याला मांडीवर घेऊन माझ्याकडे बघत बसल्या. मी भाकरी मोडली. रडू येत होतं, आणि तरी मी खात होते... ताई, भूक लागली होती हो मला, चालून आले होते.