सतरा नंबरच्या खोलीतलं नाव

भूतबित मी मानत नाही. लालबागच्या चाळीत वाढलोय, जिथे एका संडासापुढे पन्नास माणसं उभी असायची. भुताला तिथे नंबर तरी कधी लागणार? तरीपण ही गोष्ट भर दुपारी तीन वाजता घडली...

आमची चाळ रीडेव्हलपमेंटला गेली. ऐंशी खोल्या. कमिटीने यादीचं सॉफ्टवेअर माझ्या गळ्यात मारलं — मी प्रोग्रामर, वर फुकटचा. मूळ भाडेकरूंचं एक टेबल, वारसांचं दुसरं. दोन्हीकडे फील्ड, म्हणजे रकाना, एकाच नावाचं : ‘नाव’. दोन्ही टेबलं जोडून मागवली, की आतलं तयार फ्रेमवर्क त्यातलं शेवटचं फील्ड ठेवतं, पहिलं गिळून टाकतं. त्यामुळे दोन्ही रकान्यांत वारसच दिसायला लागले. नवशिक्याची चूक... माझ्याकडून झाली हे कुणाला सांगू नका.

फक्त सतरा नंबरला उलटं. दोन्हीकडे मूळ भाडेकरू दत्ताराम — वारून पंचवीस वर्षं झालेले. वारस म्हणून लावलेली त्यांची बायको, पार्वतीकाकी, गायब.

मी यादी मागवणाऱ्या क्वेरीत दोन्ही फील्डना वेगळी नावं दिली — ‘भाडेकरू’ आणि ‘वारस’. एकोणऐंशी खोल्या सरळ झाल्या. सतरा तशीच. वारसांचं टेबल उघडून पाहिलं, तिथे चक्क पार्वती. सर्व्हर शंभरदा... बरं, चारदा बंद-चालू केला. पाचला यादी बिल्डरकडे जाणार होती, आणि वारसाच्या रकान्यात ज्याचं नाव नाही त्याला नव्या इमारतीत खोली नाही.

काकींना कमिटीच्या ऑफिसात बोलावलं. ऐकून त्या ओशाळल्या. भाडेपावती त्यांनी स्वतःच्या नावावर कधी करूच दिली नव्हती. आमच्याकडे बऱ्याच बायका असं करतात — पावतीवर नाव आहे तोवर माणूस घरात आहे.

स्क्रीनसमोर बसून, पदर सावरून त्या दत्तारामांच्या नावालाच हळूच म्हणाल्या, “अवो, आता माझा नाव लागांदे. ह्या वयात मी खंय जाव?”

मी रिफ्रेश केलं. वारस : पार्वती. भाडेकरू : कोरं. मूळ टेबलातही कोरं. सकाळच्या बॅकअपमध्येसुद्धा.

मी म्हटलं, काकी, एक मिनिट, त्यांचं नाव परत टाइप करतो.

“नको रे,” त्या उठल्या. “आता खंय परत बोलवतंस त्यांका.”

यादी वेळेत गेली, खोली पक्की झाली. कोड मी कितीदा वाचला. कारण सापडलेलं नाही. त्या संध्याकाळी, पंचवीस वर्षांत पहिल्यांदा, सतरा नंबरमधून काकींच्या रडण्याचा आवाज आला. माझ्या बाकीच्या गोष्टी निम्म्याने कमी करून घ्या... ही नको.