पडद्यामागच्या दोन झांजा
परवा इथल्या अदलिया भागातल्या एका कॅफेत ड्रमवरची झांज वाजली आणि मला आमच्या मीना सलमान बंदरावरच्या गोदामातली एक दुपार आठवली. आमची कंपनी तेव्हा हाताने ठोकलेल्या तुर्की झांजा आखातभर पुरवायची. आम्ही ही एजन्सी सोडणार अशी कुणकुण लागल्यामुळे त्या बनवणारा म्हातारा कारागीर इस्तंबूलहून स्वतः आला होता. मालकांनी दुकानदार जमवले, पडद्यामागे दोन झांजा टांगल्या आणि एकेक वाजवून विचारलं, "यल्ला उस्ताद, चला सांगा, यातली तुमची कोणती?" गोदामात पत्रा तापून धग मारत होती. म्हातारा डोळे मिटून बराच वेळ ऐकत राहिला आणि म्हणाला, "दुसरी." मालकांनी पडदा ओढला. दोन्ही झांजा कारखान्यात यंत्रावर बनलेल्या होत्या. मालक म्हणाले, "स्वतःचं लेकरू ओळखता येत नाही, आणि म्हणे हातकाम!" दुकानदार पोट धरून हसले. त्यांच्याबरोबर म्हातारासुद्धा हसला. त्याला विमानतळावर सोडायला मी गेलो. गाडीत तो मोडक्या इंग्रजीत म्हणाला, "त्यात माझी एकही नव्हती, पहिल्याच ठोक्याला कळलं. पण चारचौघांत तसं बोललो असतो तर तुझे मालक खोटे पडले असते. मग माझा माल कोण घेणार? आता खूश असतील ना ते?" मी म्हणालो, "इंशाल्ला." परत आलो तेव्हा त्याच्या झांजांची खोकी भंगारवाल्याच्या गाडीत चढत होती. अजून दर ईदेला त्याचा मेसेज येतो, आणि मालकांना सलाम सांगायला तो कधी विसरत नाही.